ढगाचा माथा, डोंगराचा पायथा

१८ ऑगस्ट २०२५ च्या संध्याकाळी मी कर्जतमधल्या आमच्या गच्चीवर छत्री धरून उभा होतो. छत्री माझ्यासाठी नव्हती, लॅपटॉपसाठी होती. पाण्याच्या टाकीला प्लास्टिकच्या पाइपने बांधलेल्या दोन अॅल्युमिनियमच्या सळ्या, प्रत्येकी ५३ सेंटिमीटरच्या, एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून. त्यांच्यापासून निघालेली केबल, केबलच्या टोकाला टीव्ही बघण्यासाठी बनवलेला एक यूएसबी डोंगल, आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून येणारा टिक-टॉक, टिक-टॉक असा आवाज. सेकंदाला दोन ठोके. प्रत्येक ठोका म्हणजे चित्राची एक ओळ.

आवाज येत होता ८०० किलोमीटरहून अधिक उंचीवरून, नोआ-१५ नावाच्या अमेरिकन हवामान उपग्रहाकडून. १९९८ साली सोडलेला हा म्हातारा. मी तेव्हा वर्षाचा होतो. नोआ-१८ जूनमध्ये बंद झाला होता, नोआ-१९ पाच दिवसांपूर्वी. हा शेवटचा. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, तोही कायमचा बंद करण्यात आला. त्याच दिवशी मुंबईत पावसाने मोनोरेल अडकली, त्यामुळे उपग्रहाची बातमी आपल्याकडे कोणी वाचली असेल असं वाटत नाही.

दहा-बारा मिनिटांत चित्र पूर्ण झालं. गुजरातपासून केरळपर्यंत किनारा, आणि आमच्या डोक्यावर पांढरा लगदा. शेजारच्या काकू कपडे काढायला वर आल्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "मग? रात्री किती पडणार?"

मी म्हणालो, "यावरून ते कळत नाही काकू."

"मग एवढा भिजतोस कशाला?"

हा लेख म्हणजे काकूंना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. त्यासाठी आधी दोन वर्षं मागे आणि मग बासष्ट वर्षं मागे जावं लागेल.

*

२०२३ मध्ये मी घरून काम करत होतो. शनिवार-रविवारी काहीतरी खटपट हवी म्हणून मी पावसाचा एक बॉट लिहिला. हवामान खात्याच्या संकेतस्थळावरून इन्सॅट उपग्रहाचं अवरक्त चित्र उचलायचं, त्यातला कर्जत-खालापूरचा तुकडा कापायचा, ढग किती थंड आहेत ते मोजायचं आणि त्यावरून चोवीस तासांच्या पावसाचा आकडा काढून आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. सूत्र मला एका जुन्या शोधनिबंधात सापडलं होतं. फार सोपं होतं. सोपं होतं म्हणूनच आवडलं होतं.

ग्रुपमध्ये चौकचा एक मित्र होता. पनवेल-कर्जत रेल्वेवरचं चौक स्टेशन ओलांडताना एका बाजूला एक सुळका दिसतो, त्याला आरपार नेढं आहे. तो इर्शाळगड. १९ जुलैच्या संध्याकाळी मित्राने विचारलं, "इकडे थांबतच नाहीये. रात्री जास्त आहे का रे?" मी बॉटचा आकडा बघितला आणि लिहिलं, "मध्यम आहे. रोजचाच."

त्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची वाडी, चाळीस-पंचेचाळीस घरं, रस्ता नाही, पायी चढून जायचं. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. मित्र पहाटेच वर गेला होता, पाणी आणि फावडी घेऊन. यंत्रं वर नेता येत नव्हती. तो दोन दिवसांनी खाली आला.

विधानसभेत सरकारतर्फे सांगण्यात आलं की १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला. मी माझ्या बॉटचे तीन दिवसांचे आकडे काढून बेरीज केली. निम्म्याच्याही खाली होती.

कोडमध्ये चूक असेल म्हणून मी रात्रभर शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हती.

*

आता १९६३. त्या वर्षाच्या २१ नोव्हेंबरला केरळातल्या थुंब्यातून पहिलं रॉकेट उडालं. सायकलच्या कॅरिअरवर ठेवलेल्या रॉकेटच्या भागाचा फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला आहे. पण त्याच सुमारास, डिसेंबरात, मुंबईच्या कुलाब्यात जे घडलं त्याचा फोटो माझ्या तरी बघण्यात नाही. तिथे भारतातलं पहिलं असं यंत्र बसवलं गेलं, जे हवामान उपग्रहाचं चित्र थेट आकाशातून उतरवून घेऊ शकत होतं.

कुलाबा म्हटल्यावर आमच्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांचा गोंधळ होतो. १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचंच नाव कुलाबा होतं, अलिबागसमोरच्या किल्ल्यावरून. मुंबईचा कुलाबा वेगळा. पण हवामानाच्या इतिहासात हे दोन कुलाबे खरोखरच जोडलेले आहेत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्यामुळे चुंबकसुया भरकटतील म्हणून १९०४ साली चुंबकीय काम अलिबागला हलवलं गेलं. १९५९ मध्ये या दोन्ही वेधशाळांचे संचालक झाले पी. आर. पिशारोटी, केरळमधल्या कोल्लेंगोडचे. १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था उभी राहिली, आज आपण जिला आयआयटीएम म्हणतो ती. पहिले संचालक तेच. नंतर भारतीय दूरसंवेदनाचे जनक अशी त्यांची ओळख झाली.

कुलाब्यात यंत्र आलं ते आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेमुळे. १९५९ ते १९६५ या काळात चाळीसहून अधिक जहाजं हा महासागर मोजत फिरली. मोहिमेच्या हवामानविषयक भागासाठी कुलाब्यात आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडलं. प्रमुख होते हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज. संगणक होता, संशोधनाची विमानं मुंबईहून समुद्रावर झेपावत होती, आणि उपग्रहही होता.

पहिला हवामान उपग्रह टायरॉस-१ हा १ एप्रिल १९६० ला गेला होता, पण त्याची चित्रं आधी अमेरिकेतल्या केंद्रांवर उतरत. २१ डिसेंबर १९६३ ला सोडलेल्या टायरॉस-८ वर नवी युक्ती होती. उपग्रह डोक्यावरून जाताना खालचं चित्र साध्या रेडिओ लहरींवर तिथल्या तिथे प्रसारित करायचा. ज्याच्याकडे अँटेना आणि चित्र छापायचं यंत्र, त्याचं चित्र. पासवर्ड नाही, नोंदणी नाही, परवानगी मागायची नाही. या पद्धतीचं नाव एपीटी. मी गच्चीवर जे टिक-टॉक ऐकत होतो तो तिचाच वंशज. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन महासत्तांपैकी एकीने आकाशातून काढलेली चित्रं जगाला फुकट वाटायचं ठरवलं, यामागे राजकारण होतंच. तरीही साठ वर्षांनी कर्जतच्या एका पोराला दोन सळ्यांवर ते चित्र मिळालं, हेही खरंच.

या मोहिमेतून आपल्या पावसाबद्दल एक मोठी गोष्ट कळली. जुलै १९६३ मध्ये विमानांनी अरबी समुद्रावर घेतलेल्या नोंदी वापरून मिलर आणि केशवमूर्ती या दोघांनी १९६८ मध्ये एका पावसाळी प्रणालीची रचना मांडली. किनाऱ्याजवळ, जमिनीपासून तीन ते सहा किलोमीटर उंचीवर एक भोवरा असतो. खाली समुद्राच्या पातळीवर त्याचा फारसा मागमूस नसतो, त्यामुळे फक्त खालच्या वाऱ्यांचे नकाशे काढणाऱ्याला तो सापडत नाही. पण तो आला की गुजरात आणि उत्तर कोकणात धो धो पाऊस. आपल्या बापजाद्यांनी 'समुद्राकडून भरून आलं' म्हणत जे बघितलं, त्यातल्या काहींना पहिल्यांदा आकार मिळाला.

*

फिरता उपग्रह डोक्यावरून गेला की गेला, पुन्हा यायला काही तास. एका जागी स्थिर राहून सतत बघणारा डोळा आपल्याला मिळाला तो इन्सॅटमुळे. पहिला, इन्सॅट-१ए, एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि सप्टेंबरातच निकामी झाला. दुसरा, इन्सॅट-१बी, ३० ऑगस्ट १९८३ ला चॅलेंजर या अवकाशयानातून सोडला आणि टिकला. दूरदर्शनच्या बातम्यांत भारताच्या नकाशावर कापूस पसरल्यासारखं जे चित्र दिसायचं ते यांचंच. त्यानंतरची वंशावळ पटकन सांगतो. २००२ मध्ये मेटसॅट, ज्याला पुढच्या वर्षी कल्पना चावलाचं नाव दिलं गेलं. २०१३ मध्ये इन्सॅट-३डी, २०१६ मध्ये ३डीआर, १७ फेब्रुवारी २०२४ ला ३डीएस.

ढग दिसू लागले. पण शेतकऱ्याला, धरणवाल्याला आणि शेजारच्या काकूंना ढग नको असतो, पाऊस हवा असतो. ढगाच्या चित्रातून पावसाचा आकडा कसा काढायचा?

इथे माझ्या बॉटचं सूत्र येतं. अमेरिकेत फिलिप आर्किन यांनी १९८० च्या दशकात एक सरळ हिशेब मांडला. उंच ढगाचा माथा थंड असतो. अवरक्त चित्रात ज्या ठिपक्यांचं तापमान २३५ केल्व्हिनपेक्षा, म्हणजे उणे ३८ अंश सेल्सिअसपेक्षा कमी, तिथे पाऊस आहे असं धरा. आणि तो तासाला ३ मिलिमीटर पडतो असं धरा. बस. इन्सॅट-१बीच्या चित्रांवर हाच हिशेब त्या दशकाच्या शेवटी भारतात लावला गेला. ते काम करणाऱ्यांत रंजन केळकर होते, जे पुढे भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. महासागरावर, जिथे पर्जन्यमापक ठेवायला जागाच नाही, तिथल्या पावसाचा अंदाज पहिल्यांदा हाती आला. काम खरोखर मोठं होतं.

आता तुम्हीही फोनवर करून बघा. तासाला ३ मिलिमीटर. संपूर्ण तुकड्यावर चोवीस तास सलग थंडगार ढग असला तर किती?

७२.

या सूत्रात दिवसाला ७२ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडूच शकत नाही. आकाश फाटलं तरी नाही. तीन दिवसांचे जास्तीत जास्त २१६. ज्यांनी सूत्र मांडलं त्यांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी ते अडीच अंशांच्या चौकोनासाठी, म्हणजे साधारण पावणेतीनशे किलोमीटर लांब-रुंद प्रदेशाच्या सरासरीसाठी, अनेक दिवसांच्या बेरजेसाठी बनवलं होतं. एवढा चौकोन कर्जतभोवती काढला तर त्यात नाशिक येतं, सातारा येतो आणि बराचसा समुद्र येतो. मी तो एका तालुक्यावर, एका रात्रीसाठी चालवला. निबंधाचा सारांश वाचला होता, मर्यादांचा परिच्छेद वाचला नव्हता. आमच्या धंद्यात हे रोज होतं. कोणीतरी लिहिलेली लायब्ररी उचलायची, चालतेय ना, मग झालं.

आणि ७२ ही तर वरची मर्यादा. आमच्या डोंगरांवर तिथवरही पोचणं कठीण. समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीला धडकतं आणि वर चढतं. सह्याद्रीच्या भिंतीच्या आधीच आडवे उभे असलेले माथेरान, प्रबळ, इर्शाळ त्याला पहिला धक्का देतात. वर चढताना वाफेचं पाणी होतं, थेंब एकमेकांवर आपटून मोठे होतात आणि कोसळतात. हे सगळं पुष्कळदा बुटक्या ढगात होतं. त्यात बर्फ बनावं लागत नाही, माथा उणे ३८ च्या आसपासही जात नाही. वरून बघणाऱ्या अवरक्त डोळ्याला तो ढग कोमट आणि म्हणून निरुपद्रवी दिसतो. शास्त्रज्ञ याला उष्ण पाऊस म्हणतात. ज्याने पाली-खोपोलीचा जुलै अंगावर घेतला आहे त्याला हा शब्द विनोदी वाटेल.

*

यावर उपाय निघाले नाहीत असं नाही. ढगाच्या आत शिरणाऱ्या सूक्ष्मलहरी वापरायला सुरुवात झाली. १९९७ मध्ये अमेरिका-जपानचा टीआरएमएम, २०११ मध्ये भारत-फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स, २०१४ मध्ये जीपीएम. पण जमिनीवर या पद्धती मुख्यतः ढगातल्या बर्फकणांमुळे विखुरणाऱ्या लहरी ओळखतात, आणि आमच्या बुटक्या ढगात नेमका बर्फच नाही. म्हणून आता डोंगराळ भागासाठी सूत्रात वेगळी दुरुस्ती घालतात, जमिनीवरच्या मापकांशी जुळवून घेतात. आयआयटीएमने २०१२ पासून महाबळेश्वरला प्रयोगशाळा थाटली आहे, जिथे ढगच खिडकीतून आत येतो. मला ही कल्पना फार आवडते. उपग्रहातून जे दिसत नाही ते बघायला शेवटी डोंगरावर जाऊन बसायचं.

पाऊस किती लहरी असू शकतो हे आमच्या पिढीने लहानपणीच बघितलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरातल्या कुलाब्यात ७३. मी आठ वर्षांचा होतो, बाबा दोन दिवस मुंबईत अडकले होते आणि उल्हास नदीचं पाणी कुठवर आलं हे बघायला आई आम्हाला बाहेर सोडत नव्हती. नेरळ-माथेरानची गाडी त्या पावसाने जी बंद पडली ती २००७ मध्ये सुरू झाली. एकाच शहरात दोन मापकांत एवढा फरक, तर इन्सॅटच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका चार किलोमीटरचा, त्यात एक डोंगर, त्याचा कडा, त्याखालची वाडी आणि पलीकडचं मोरबे धरणाचं पाणी अशा सगळ्यांचं मिळून एकच तापमान.

मे २०२५ मध्ये आयआयटीएमने तयार केलेली भारत फोरकास्टिंग सिस्टीम सुरू झाली. तिची चौकट सहा किलोमीटरची आहे, आधी बाराची होती. पुण्यातला अर्क नावाचा महासंगणक ती चालवतो. सहा किलोमीटर म्हणजे जवळजवळ गाव. खाली जमिनीवर महावेध योजनेत प्रत्येक महसूल मंडळात एक स्वयंचलित केंद्र, राज्यात दोन हजारांहून अधिक. हे सगळं चांगलं आहे, आणि मी कुत्सितपणे म्हणत नाहीये. पण महसूल मंडळ हा तलाठ्याच्या सोयीचा घटक आहे. ढगाला सातबारा वाचता येत नाही. सपाटीवरच्या केंद्रात पडलेला पाऊस आणि हजारेक फूट वर कड्याखाली पडलेला पाऊस यांचा हिशेब वेगळा.

शिवाय पाऊस हा अर्धाच प्रश्न. डोंगराचं काय? इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हेही त्याच वेळी विधानसभेत सांगितलं गेलं. यादी उताऱ्यावरून, मातीवरून, पूर्वीच्या पडझडीवरून बनते. जिथे आधी दरड पडलेली नाही तिथे दरड पडत नाही, असं यादी म्हणत नाही, पण वाचणारा तसंच वाचतो. मीही बॉटचा आकडा तसाच वाचला होता.

३० जुलै २०२५ ला निसार हा इस्रो आणि नासाचा उपग्रह गेला. तो ढग बघतच नाही. ढगांच्या आणि झाडीच्या आरपार रडार लावून दर बारा दिवसांनी तीच जमीन मोजतो, आणि ती इंचाच्या अंशानेही सरकली असेल तर ते कळू शकतं. कोकणच्या उतारांसाठी याच्या आकडेवारीची मी वाट बघतोय.

*

बॉट मी २० जुलै २०२३ ला बंद केला. ग्रुपवर कोणी विचारलं नाही. बरेच महिने मी मित्राला भेटायचं टाळलं. पुढच्या वर्षी दिवाळीत तोच घरी आला. मी त्याला ७२ चं गणित सांगितलं, कागदावर मांडून. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तू चारशे लिहिलं असतंस तरी मी काय करणार होतो? मी चौकात. वाडीतलं कोणीच तुझ्या ग्रुपमध्ये नव्हतं."

वाचलेली माणसं तेव्हा चौकजवळ कंटेनरच्या घरांत राहत होती. तो मला तिकडे घेऊन गेला नाही आणि मीही म्हटलं नाही. काय सांगणार होतो तिथे जाऊन?

त्याच सुमारास मी अँटेना बांधली. आयतं चित्र उचलून त्यावर आयतं सूत्र लावण्यापेक्षा निदान ते चित्र येतं कसं, त्यात किती खरखर असते, एका ठिपक्यात किती जमीन मावते हे हाताने करून बघावं म्हणून. नोआ-१५ च्या चित्रात शेवटी शेवटी ओळी तुटायच्या, कधी अख्खी पट्टी काळी यायची. तयार अॅपवरच्या गुळगुळीत रंगीत नकाशात हे दिसत नाही. तिथे प्रत्येक ठिपका तितक्याच आत्मविश्वासाने रंगवलेला असतो.

आता नोआ नाहीत. रशियाचे मिटिओर आहेत, त्यांचे संकेत त्याच सळ्यांवर येतात, चित्र जास्त स्पष्ट, पण टिक-टॉक नाही, नुसता सूं असा आवाज. टाकीशेजारी मी एक पर्जन्यमापकही लावलाय. वर नरसाळं, आत नळी. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, म्हणून रोज साडेआठला वाचायचा. १९ जुलैच्या रात्रीचा पाऊस म्हणूनच खात्याच्या वहीत २० तारखेला लिहिला जातो.

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलो की काकू वर जातात. परवा खालूनच ओरडल्या, "अरे, नळी भरून वाहून गेलीय. किती लिहू?"